रॅमची निवड, टायमिंग आणि ओव्हरक्लॉकिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज, कुपवाड आणि आसपासच्या गावांतून मशीन जोडून घ्यायला येणारे, किंवा आहे तेच मशीन ठरलेल्या वेगापेक्षा अजून थोडं पळवून (म्हणजे ओव्हरक्लॉक करून) मागणारे लोक जे प्रश्न विचारतात ते इथे एकत्र केले आहेत. इंजिनिअरिंगची मुलं, लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे, गेम खेळणारे आणि मार्केट यार्डातले व्यापारी यांना एकच उत्तर लागू पडत नाही. जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलंय. सगळ्या उत्तरांमागची अट मात्र एकच आहे: रॅमनं एकही बिट चुकवता कामा नये. चुकणारी वेगवान रॅम मी कुणालाही लावून देत नाही.

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे प्रोसेसरचा मल्टिप्लायर वाढवणं. त्यात रॅम कुठून आली?

जुन्या मशीनवर ती थेट आडवी यायची. कोअर २ ड्युओ ई८४०० घ्या. ३३३ मेगाहर्ट्झची बस, म्हणजे मदरबोर्डचा मूळ ठोका, आणि त्याला गुणणारा ९चा मल्टिप्लायर, म्हणून ३ गिगाहर्ट्झ. मल्टिप्लायर वर नेता येत नसे, म्हणून बस ४०० करायची, की प्रोसेसर ३.६ गिगाहर्ट्झवर. पण रॅमचा वेगही त्याच बसला बांधलेला. ४०० बसला डीडीआर २-८०० बरोबर बसायची. तुमच्याकडे ६६७ ची रॅम असेल तर प्रोसेसरमध्ये दम असूनही मशीन पुढे जायचं नाही. त्या काळी रॅम निवडतानाच ओव्हरक्लॉकची मर्यादा ठरून जायची.

२०११ च्या सँडी ब्रिजपासून इंटेलचा बेस क्लॉक १०० मेगाहर्ट्झला जवळजवळ खिळला गेला, कारण इतर भागांचे क्लॉकही त्यालाच जोडलेले होते आणि थोडं हलवलं तरी ते रुसायचे. तेव्हापासून प्रोसेसरचा वेग मल्टिप्लायरनं आणि रॅमचा वेग स्वतःच्या गुणोत्तरानं ठरतो. दोन्ही वेगळे झाले, पण संबंध तुटला नाही. रॅमशी देवाणघेवाण करणारा मेमरी कंट्रोलर आता प्रोसेसरच्या पोटातच असतो. रॅम जोरात पळवली की त्याच्यावर ताण येतो, त्याला जास्त व्होल्टेज लागतं आणि प्रोसेसरची उष्णता वाढते. त्यातून मशीन अडकलं तर दोष प्रोसेसरचा की रॅमचा, हे कळत नाही. म्हणून दोन्ही एकाच दिवशी वाढवायला घेऊ नका.

३२०० ची रॅम घेतली, सीपीयू-झेडमध्ये १६०० दिसतंय. दुकानदारानं फसवलं का?

नाही. डीडीआर म्हणजे एका ठोक्याला दोनदा डेटा. क्लॉक १६०० मेगाहर्ट्झचा, सेकंदाला व्यवहार ३२०० दशलक्ष. जाहिरातीत मोठा आकडा छापतात, सीपीयू-झेड हे मशीनची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर खरा क्लॉक दाखवतं. तिथे १०६६, १२०० किंवा १३३३ दिसत असेल तर मात्र पुढचा प्रश्न वाचा.

एक्सएमपी चालू करायलाच हवं का?

हो, आणि बहुतेकांना एवढंच पुरतं. पेटीवर ३२०० किंवा ३६०० लिहिलेली रॅम लावली की मशीन बहुतेक वेळा २१३३, २४०० किंवा २६६६ वर सुरू होतं, कारण रॅमच्या पट्टीतल्या छोट्या चिपवर प्रमाणित वेग आधी नोंदलेला असतो आणि बोर्ड तोच उचलतो. कंपनीनं कबूल केलेला वेग, टायमिंग आणि व्होल्टेज दुसऱ्या नोंदीत असतात. इंटेलच्या भाषेत ती नोंद म्हणजे एक्सएमपी. एएमडीनं २०२२ मध्ये रायझन ७००० बरोबर त्याच कामाचं एक्स्पो आणलं. आसुसच्या एएमडी बोर्डवर एक्सएमपीच डीओसीपी नावानं सापडतं. बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच उघडता येणाऱ्या बोर्डच्या सेटिंगमध्ये, जाऊन ते एकदा निवडायचं, एवढंच.

घरोघरी वर्षानुवर्षं ३२०० ची रॅम २४०० वर चाललेली सापडते. पैसे मोजलेत तर वेग घ्या.

१६-१८-१८-३८ या आकड्यांचा अर्थ काय?

हे सगळे वाट बघण्याचे आकडे आहेत, क्लॉकच्या ठोक्यांत मोजलेले. हरिपूरची हळदीची पेवं, म्हणजे हळद साठवायचे जमिनीतले खड्डे, पाहिली असतील तर हे चटकन कळेल. पेव उघडलं की आतली कोंदट हवा जाईपर्यंत थांबावं लागतं, मग पोती भराभर वर येतात. दुसऱ्या पेवातलं पोतं हवं असेल तर पहिलं बुजवून दुसरं उघडायचं, आणि पुन्हा थांबायचं.

रॅमच्या चिपमध्ये डेटा ओळी आणि स्तंभांच्या जाळ्यात असतो, आणि चिपच्या एका बँकेत, म्हणजे एका भागात, एका वेळी एकच ओळ उघडी राहते. पहिला आकडा सोडला तर बाकीचे तीन याच उघडझाकीचे आहेत.

पहिला १६ म्हणजे सीएल: ओळ उघडी असताना स्तंभ मागितल्यापासून डेटा बाहेर येईपर्यंतचे ठोके. दुसरा १८ म्हणजे टीआरसीडी: ओळ उघडायला सांगितल्यापासून स्तंभ मागता येईपर्यंत. तिसरा १८ म्हणजे टीआरपी: उघडी ओळ बंद करून पुढच्या ओळीची तयारी. चौथा ३८ म्हणजे टीआरएएस, एकदा उघडलेली ओळ किमान किती वेळ उघडी ठेवायची. वाचताना पेशींमधला विद्युतभार उपसला जातो आणि तो परत भरावा लागतो, म्हणून ही किमान मुदत.

लोक फक्त पहिला आकडा बघून रॅम घेतात. हवा तो डेटा उघड्या ओळीत असेल तर सीएलवर भागतं. नसेल तर आधीची ओळ बंद करा, नवी उघडा, मग मागा, असे तिन्ही आकडे एकापाठोपाठ लागतात. १६-२०-२० आणि १६-१८-१८ यांत पहिला आकडा सारखा असला तरी दुसरी रॅम सरस.

यांच्याखाली बायोसमध्ये आणखी डझनावारी टायमिंग असतात. त्यातलं एकच इथे सांगतो, कारण त्याचा परिणाम मोठा आहे: टीआरएफसी. रॅमच्या पेशी गळक्या असतात, म्हणून ठरावीक वेळानं त्या पुन्हा भराव्या लागतात, आणि तेवढा वेळ चिप दुसरं काम करत नाही. डीडीआर ४ मध्ये ही भरणी सरासरी ७.८ मायक्रोसेकंदांनी एकदा येते. ८ गिगाबिटच्या चिपला त्यासाठी प्रमाणित ३५० नॅनोसेकंद दिलेले आहेत. म्हणजे सुमारे साडेचार टक्के वेळ नुसत्या भरणीत जातो. चांगली चिप हेच काम निम्म्या वेळात उरकते. हातानं टायमिंग आवळणाऱ्यांना, म्हणजे हे आकडे कमी करणाऱ्यांना, गेममध्ये जो फरक दिसतो, त्यातला बराचसा इथून येतो.

मग जास्त वेग घ्यावा की कमी टायमिंग?

दोन्ही एकत्र मोजा. सीएलला २००० नं गुणा आणि रॅमच्या वेगानं भागा, उत्तर नॅनोसेकंदात येतं.

३२०० सीएल १६ चे १० नॅनोसेकंद. ३६०० सीएल १८ चे पण १०. डीडीआर ५ मधल्या ६००० सीएल ३० चेही १०. म्हणजे ३० हा आकडा १६ च्या जवळपास दुप्पट दिसतो म्हणून डीडीआर ५ हळू, हा समज चुकीचा आहे. ठोके जास्त आहेत, पण प्रत्येक ठोका लहान आहे.

आता उलटी बाजू. दुकानात स्वस्तात मिळणारी साधी ३२०० ची पट्टी सीएल २२ असते. तिचे १३.७५ नॅनोसेकंद होतात. २४०० सीएल १७ चे १४.१७. आकडा २४०० वरून ३२०० झाला, पण पहिला डेटा हाती यायची वाट जवळपास तेवढीच राहिली. डीडीआर ५ मधली ४८०० सीएल ४० तर १६.६७ वर जाते.

वेगाचा फायदा वेगळा, तो म्हणजे एका वेळी किती माल वाहतो. ३२०० च्या दोन पट्ट्या ड्युअल चॅनेलमध्ये, म्हणजे दोन वाटांनी एकाच वेळी, सेकंदाला ५१.२ गिगाबाइट देऊ शकतात, ६००० च्या ९६. व्हिडिओ एडिटिंग, मोठ्या फाइली झिप करणं, अंगभूत ग्राफिक्सवर गेम खेळणं, यांना रुंदी लागते. इतर गेममध्ये प्रोसेसर सतत छोटे छोटे तुकडे मागत असतो, तिथे नॅनोसेकंद जास्त बोलतात.

पैसे बेताचे असतील तर माझा सल्ला सरळ आहे. डीडीआर ४ च्या बोर्डला ३२०० सीएल १६ किंवा ३६०० सीएल १८, रायझन ७००० आणि त्यापुढच्याला ६००० सीएल ३०, नाहीतर त्याच वेगाची सीएल ३६. त्यावर जाणारा पैसा ग्राफिक्स कार्डात घाला.

रायझनला ३६०० आणि ६००० हेच आकडे का सांगता? त्याहून वरची रॅम मिळते की.

मिळते, पण रायझनमध्ये रॅम आणि कोअर यांच्यामध्ये इन्फिनिटी फॅब्रिक नावाची आतली जोडवाट आहे. रायझन ३००० आणि ५००० मध्ये फॅब्रिक, मेमरी कंट्रोलर आणि रॅम तिन्ही एकाच क्लॉकवर चालले की वाट बघणं सर्वांत कमी. बहुतेक प्रोसेसरचं फॅब्रिक १८०० मेगाहर्ट्झ आरामात घेतं, आणि १८०० म्हणजे ३६०० ची रॅम. काही ५००० वाले १९०० गाठतात, त्याहून वर थोडेच. त्यापुढची रॅम लावलीत तर कंट्रोलर निम्म्या वेगावर जातो आणि ४००० ची महागडी रॅम ३६०० पेक्षा मागे पडते.

रायझन ७००० मध्ये फॅब्रिक वेगळं, साधारण २००० मेगाहर्ट्झवर चालतं. तिथे जुळवायचे असतात ते रॅम आणि कंट्रोलर. ६००० च्या रॅमला ३००० मेगाहर्ट्झचा कंट्रोलर एकास एक चालतो. अधिकृत हमी मात्र ५२०० चीच आहे, हे लक्षात असू द्या.

इंटेलमध्ये हाच खेळ गिअर नावानं चालतो. ११व्या पिढीपासून गिअर १ म्हणजे एकास एक, गिअर २ म्हणजे कंट्रोलर निम्म्यावर. डीडीआर ४ वर ३६०० च्या आसपासपर्यंत गिअर १ धरा. डीडीआर ५ ला गिअर २ च असतो, तिथे चिंता करायचं कारण नाही. १२व्या पिढीच्या, नावात के नसलेल्या प्रोसेसरवर कंट्रोलरचं व्होल्टेज वाढवता येत नाही, त्यामुळे ३६०० गिअर १ मध्ये अडखळू शकतं. १२४०० वाल्यांनी ३२०० सीएल १६ घ्यावी.

रॅम घेताना स्टिकरवर काय बघायचं?

वेग, चारही टायमिंग, व्होल्टेज, आणि दोन पट्ट्या एकाच पेटीतल्या आहेत का. डीडीआर ४ च्या चांगल्या पट्टीवर १.३५ व्होल्ट दिसतं. नुसतं १.२ लिहिलं असेल तर ती प्रमाणित वेगाची रॅम आहे, तिच्याकडून ओव्हरक्लॉकची फार अपेक्षा नको.

खरी गोष्ट स्टिकरखाली आहे. बहुतेक काळ्या चिप बनवतात सॅमसंग, मायक्रॉन आणि एसके हायनिक्स, वर नाव कुणाचंही असो. एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळ्या महिन्यांत वेगवेगळ्या चिप येतात. कॉर्सेअरच्या डीडीआर ४ पट्टीवर बारीक अक्षरात व्हर्जन छापलेलं असतं. ते ३ नं सुरू होत असेल तर मायक्रॉन, ४ असेल तर सॅमसंग, ५ असेल तर हायनिक्स. ४.३१ दिसलं की सॅमसंगची ८ गिगाबिट बी-डाय नावाची चिप, आणि डीडीआर ४ मध्ये टायमिंग आवळण्यासाठी तिच्या तोडीची चिप नाही. व्होल्टेज वाढवत जाल तसतसं तिचं सीएल उतरत जातं, इतर बऱ्याच चिपांचं एका जागी अडतं. ३२०० सीएल १४-१४-१४ छापलेली पट्टी दिसली तर ती बी-डाय समजा. डीडीआर ५ मध्ये हा मान हायनिक्सच्या एम-डाय आणि ए-डायला आहे.

ऑनलाइन मागवताना व्हर्जन दिसत नाही. दुकानात जाऊन पेटी हातात घ्या. पारदर्शक खिडकीतून ते वाचता येतं.

आधीच्या दोन पट्ट्या आहेत, तशाच अजून दोन टाकल्या तर?

क्षमता वाढेल, वेगाची खात्री जाईल. बहुतेक बोर्डची वायरिंग दोन पट्ट्यांसाठी सोयीची असते. चार लावल्या की कंट्रोलरवर बोजा वाढतो. डीडीआर ५ मध्ये तर फार. रायझन ७००० ला चार पट्ट्यांवर एएमडीची अधिकृत हमी फक्त ३६०० ची आहे. ३२ जीबी हवी असेल तर पहिल्याच दिवशी १६ च्या दोन घ्या. वेगवेगळ्या कंपन्यांच्या पट्ट्या एकत्र चालतातही, पण मशीन त्यातल्या सर्वांत ढिल्या टायमिंगवर उतरतं.

दोनच पट्ट्या असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लावा. एकच पट्टी लावून ओव्हरक्लॉकिंगचा विचारही करू नका, आधी दुसरी आणा.

बोर्ड कुठला लागतो?

इंटेलमध्ये झेड मालिकेवर सगळं करता येतं. बी४६० आणि त्याआधीच्या बी मालिकेवर रॅम वाढवता येत नव्हती, २०२१ च्या बी५६० पासून येते. एच५१० आणि एच६१० वर येत नाही. ३६०० ची रॅम घेऊन एच६१० वर लावणारे खूप भेटतात, त्यांचे पैसे अडकलेले असतात. एएमडीमध्ये बी४५०, बी५५०, बी६५० वर रॅम आणि प्रोसेसर दोन्ही वाढवता येतात. ए५२० वर रॅम वाढते, प्रोसेसर नाही.

सीएल १५ टाकलं, मशीन सुरू झाल्यावर १६ दिसतं. बोर्ड खराब आहे का?

रायझनवर गिअरडाउन मोड हे बायोसमधलं सेटिंग चालू असलं की विषम सीएल वरच्या सम आकड्यावर जातं. बोर्ड ठीक आहे.

व्होल्टेज किती वाढवायचं?

डीडीआर ४ ला १.३५ ते १.४ मध्ये बहुतेकांचं काम होतं. बी-डायला हवेशीर केसमध्ये १.४५ देता येतं. डीडीआर ५ चं मूळ व्होल्टेज १.१ आहे, एक्स्पोच्या पट्ट्या १.२५ ते १.४ मागतात. पेटीवर छापलेल्या आकड्यात राहिलात तर पट्टीला काही होत नाही.

जपायचं ते प्रोसेसरच्या बाजूचं व्होल्टेज. रायझन ७००० मध्ये एसओसी व्होल्टेज, म्हणजे मेमरी कंट्रोलरच्या भागाला जाणारं व्होल्टेज, काही बोर्ड आपणहून जास्त द्यायचे. २०२३ मध्ये ७८०० एक्स३डी जळाल्याची प्रकरणं झाली आणि एएमडीनं ती मर्यादा १.३ व्होल्टवर आणली. तुमचं बायोस त्याआधीचं असेल तर एक्स्पो लावायच्या आधी अपडेट करा. अपडेटच्या वेळी मशीन इन्व्हर्टरवर किंवा यूपीएसवर असलंच पाहिजे. मध्येच वीज गेली तर बोर्ड दुरुस्तीला न्यावा लागतो.

हातानं टायमिंग आवळायचं तर क्रम कसा?

आधी एक्सएमपी लावून रॅम तपासा. तीच डळमळत असेल तर पुढे जाऊ नका. मग प्रोसेसर मूळ वेगावर ठेवून रॅमचा वेग एक पायरी वाढवा, टायमिंग ढिलंच असू द्या. चालतोय तो सर्वांत वरचा वेग सापडला की तिथे थांबून सीएल एकानं कमी करा, तपासा, मग टीआरसीडी, मग टीआरपी. शेवटी टीआरएफसी. एका वेळी एकच आकडा, आणि प्रत्येक बदल वहीत लिहा. रायझनवर झेनटायमिंग्ज नावाचं छोटं सॉफ्टवेअर सगळे आकडे एका खिडकीत दाखवतं, त्याचा स्क्रीनशॉट ठेवला तरी चालेल.

रॅम पक्की झाली की ती परत एक्सएमपीवर आणा आणि प्रोसेसर स्वतंत्रपणे वाढवा. दोन्ही वेगवेगळे पक्के झाले की मगच एकत्र, आणि एकत्र केल्यावर पुन्हा तपासणी. एकट्यानं टिकलेलं एकत्र आल्यावर पडू शकतं, कारण उष्णता आणि कंट्रोलर सामाईक आहेत.

विंडोज सुरू झालं, गेमही चालला. म्हणजे झालं ना?

नाही. डळमळीत रॅम निळा पडदा दाखवेलच असं नाही. तिची लक्षणं बारीक असतात. ब्राउझरचा टॅब आपोआप मरतो. डाउनलोड केलेली झिप उघडताना सीआरसीची, म्हणजे फाइल बिघडल्याची, चूक येते. विंडोज अपडेट पुन्हा पुन्हा फसतं. इतकं होईपर्यंत हार्ड डिस्कवर चुकीचे बिट लिहिले गेलेले असतात. प्रोसेसर अडकला तर मशीन रीस्टार्ट करता येतं. रॅमनं चुकून बदललेली फाइल मात्र तशीच साठवली जाते, आणि तिचाच बॅकअपही होतो.

म्हणून आधी पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ चालवा. त्यात ठळक दोष कळतात. मग विंडोजमध्ये टेस्टमेम५, अँटा७७७ च्या सेटिंगसह. कंट्रोलरवर ताण टाकायला प्राइम९५ मधला ब्लेंड किंवा वायक्रंचर. एक जरी चूक दिसली तरी सेटिंग नापास. 'एकच तर आहे' असं म्हणू नका. रायझनवर विंडोजमधला इव्हेंट व्ह्यूअरही उघडून पाहा. तिथे डब्ल्यूएचईएच्या, म्हणजे हार्डवेअरच्या चुकांच्या, नोंदी साठत असतील तर फॅब्रिकचा वेग झेपत नाही.

डीडीआर ५ च्या चिपमध्ये अंगभूत दुरुस्ती असते, म्हणून तपासणी नको असं काहींना वाटतं. ती दुरुस्ती चिपच्या आतल्या चुकांपुरती आहे. चिप ते प्रोसेसर या वाटेवर झालेली चूक तिला दिसत नाही.

जानेवारीत सगळं पक्कं केलं होतं, एप्रिलमध्ये मशीन बंद पडायला लागलं. असं का?

आपल्याकडे हे दरवर्षी होतं. पेशींची गळती उष्णतेबरोबर वाढते. थंडीच्या रात्री बंद खोलीत टिकलेलं टीआरएफसी एप्रिलच्या दुपारी, पारा चाळिशीला टेकलेला असताना टिकत नाही. बी-डाय तर ५० अंशांच्या आसपासच कुरकुर करायला लागते. त्यात ग्राफिक्स कार्डाची गरम हवा वर चढते आणि थेट पट्ट्यांवर येते. म्हणून नुसता रॅम टेस्ट चालवून उन्हाळ्याचा अंदाज येत नाही. ग्राफिक्स कार्डही कामाला लावा, केसचं झाकण लावूनच ठेवा, आणि एचडब्ल्यूइन्फोमध्ये पट्टीचं तापमान बघत राहा. डीडीआर ५ च्या पट्टीत सेन्सर असतोच, डीडीआर ४ मध्ये काहींतच.

हिवाळ्यात सेटिंग करत असाल तर सापडलेल्या टोकापासून एक-दोन पायऱ्या मागे या. टीआरईएफआय, म्हणजे दोन भरण्यांमधलं अंतर, ताणलं असेल तर उन्हाळ्यात तेच आधी कमी करा. आणि एप्रिलमध्ये एकदा पुन्हा तपासा.

कोणाला याचा खरंच फायदा होतो?

सर्वांत जास्त अंगभूत ग्राफिक्सवाल्यांना. रायझन ५ ५६००जी सारख्या प्रोसेसरचं ग्राफिक्स याच रॅममधून जेवतं. तिथे एका पट्टीच्या दोन केल्या आणि एक्सएमपी लावलं की गेम स्पष्ट सुधारतो, डोळ्यांना दिसतं. त्याखालोखाल वेगवान ग्राफिक्स कार्डावर कमी रेझोल्यूशनला खेळणारे. ४के वर खेळणाऱ्याला जवळजवळ काहीच मिळत नाही, तिथे ग्राफिक्स कार्ड आधी दमतं. ५८०० एक्स३डी किंवा ७८०० एक्स३डी मध्ये ९६ एमबी एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतलीच वेगवान मेमरी, असल्यानं रॅमकडे जाणंच कमी पडतं. त्यांनी महाग पट्ट्या घेऊ नयेत. ऑटोकॅड, ऑफिस, ब्राउझर यांत फरक जाणवणार नाही.

ऑफिसच्या टॅलीच्या मशीनवर करून द्याल का?

नाही. हळदीच्या अडतीचा हिशेब, बेदाण्याच्या सौद्याच्या नोंदी, जीएसटीची विवरणं ज्या मशीनवर आहेत ते प्रमाणित वेगावरच राहू द्या. तिथे मिळणारा वेग नजरेत भरत नाही आणि चुकलेला एक आकडा शोधायला आठवडा जातो. त्या मशीनला एसएसडी, यूपीएस आणि रोजचा बॅकअप द्या.

लॅपटॉपवर जमेल का?

बहुतेक लॅपटॉपच्या बायोसमध्ये ही सेटिंगच नसतात. एक पट्टी असेल तर दुसरी टाकणं एवढंच हाती आहे, तेही खाच असेल तर.

वॉरंटी जाते का?

इंटेल आणि एएमडी दोघंही प्रमाणित मर्यादेबाहेर चालवल्यानं झालेलं नुकसान नेहमीच्या वॉरंटीत धरत नाहीत, आणि एक्सएमपी किंवा एक्स्पोही त्यांच्या लेखी ओव्हरक्लॉकिंगच आहे. रॅम कंपनी मात्र पट्टीवर छापलेल्या वेगाला बांधील असते. पेटी आणि पक्कं बिल जपून ठेवा.

सेटिंग बदललं आणि आता पडदा काळाच. काय करू?

डीडीआर ५ असेल तर आधी थांबा. सेटिंग बदलल्यावर बोर्ड रॅमचं ट्रेनिंग, म्हणजे नव्या सेटिंगशी जुळवणी, करतो. त्याला काही मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ पडद्यावर काहीच येत नाही. घाईनं बटण दाबून बंद केलंत तर ते पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

तरी नाही आलं तर मशीन बंद करा, मागची विजेची वायर काढा, पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा. बोर्डवर क्लिअर सीमॉसच्या दोन पिना असतात, त्या स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं क्षणभर जोडा. पिना सापडल्या नाहीत तर सीआर२०३२ सेल पाच मिनिटं काढून ठेवा. सेल परत बसवून एकच पट्टी दुसऱ्या खाचेत लावा आणि सुरू करा. बायोस मूळ सेटिंगवर आलेलं असेल. वहीतला शेवटचा पास झालेला आकडा टाका आणि तिथून पुढे जा.